आधी पाहणी, मग आराखडा : मुंबई विद्यापीठातील नगरविद्येची परंपरा

मुंबई विद्यापीठाने १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग काढला तेव्हा त्याच्या नावात दोन विषय होते : समाजशास्त्र आणि नगरविद्या. पहिले प्राध्यापक म्हणून नेमले गेले ते पॅट्रिक गेडिस. वय पासष्टच्या घरात. मूळ विषय वनस्पतिशास्त्र. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या कॉलेजात तो ते १८८८ पासून शिकवत आले होते. समाजशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. रीतसर पदवी अशी त्यांनी कुठलीच घेतली नव्हती. पण त्याआधीच्या चार-पाच वर्षांत हिंदुस्थानातल्या पन्नासच्या आसपास गावा-शहरांच्या गल्ल्या ते पायी फिरले होते आणि त्यांच्यावर अहवाल लिहून बसले होते. विद्यापीठाला हवा होता तो हाच माणूस.

भारतातला समाजशास्त्राचा पहिला पदव्युत्तर विभाग म्हणून या विभागाचा उल्लेख केला जातो. जात, आदिवासी समाज, कुटुंबसंस्था, राष्ट्रवाद या विषयांवर इथे झालेले काम सर्वांच्या तोंडी आहे, आणि ते असायलाच हवे. त्या कामाच्या तेजात पायाचा एक दगड मात्र झाकोळला गेला. शहर आणि त्याभोवतालचा प्रदेश यांचा विद्यापीठीय अभ्यास आपल्याकडे सुरू झाला तो याच विभागात. नियोजनाच्या पदव्या देणारी महाविद्यालये देशात निघाली त्याच्या कितीतरी आधी.

अशा अभ्यासाची गरज मुंबईला तेव्हा किती होती, हे समजायला १८९६ कडे जावे लागते. त्या वर्षी मांडवीच्या दाट वस्तीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पाहता पाहता अर्धी मुंबई गावाकडे पळाली. १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने जुन्या वस्त्यांमधून रुंद रस्ते काढले. समुद्राची हवा आत खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट झाला, सँडहर्स्ट रोड झाला. दादर-माटुंग्याला मोकळ्या जागेवर नव्या कॉलन्या आखल्या गेल्या आणि त्या चांगल्याही झाल्या. परंतु रस्त्यासाठी ज्यांची घरे पडली ती गिरणीत, गोदीत, बाजारात राबणारी माणसे कामापासून लांब जाऊ शकत नव्हती. ती शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली गर्दी वाढली. एकीकडे हवा खेळती झाली, दुसरीकडे कोंडली. १९१५ साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. वांद्रे, खार, सांताक्रूझ या बाजूच्या शेतजमिनींची आखणी पुढे त्या कायद्याने झाली. कायदा होता, अभियंते होते, पैसाही थोडाफार होता. वस्तीतली माणसे कशी जगतात हे शास्त्रशुद्ध रीतीने शोधून काढणारे कुणी नव्हते.

गेडिस हिंदुस्थानात आले ते १९१४ च्या ऑक्टोबरात, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून. येताना त्यांनी आपले प्रसिद्ध नगर-प्रदर्शन बोटीने पाठवले होते : जगभरच्या शहरांचे नकाशे, चित्रे, आराखडे, वर्षानुवर्षे जमवलेले. महायुद्ध सुरू झालेले होते. 'क्लॅन ग्रँट' ही बोट 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवली आणि सगळे प्रदर्शन समुद्राच्या तळाशी गेले. ब्रिटनमधल्या स्नेह्यांनी धावपळ करून नवा संग्रह जमवला, आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन उघडलेसुद्धा. पुढे १९१७ साली या माणसावर याहून मोठे घाव पडले. फ्रान्सच्या रणभूमीवर थोरला मुलगा मारला गेला आणि हिंदुस्थानातच पत्नी अ‍ॅना वारली. त्यानंतरही त्यांचे फिरणे आणि लिहिणे थांबले नाही.

त्यांची पद्धत समजून घ्यायची तर एडिंबरोच्या जुन्या वस्तीत डोकावायला हवे. १८८६ साली लग्न झाल्यावर हे जोडपे तिथल्या पडक्या, कोंदट इमारतींपैकी एकीत स्वतः राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी अंगणे साफ केली, भिंती रंगवल्या, जिथे अगदीच इलाज नव्हता तेवढाच भाग पाडला, बाकीचे दुरुस्त केले. शहराला मोठी चिरफाड नको, जपून केलेली छोटी शस्त्रक्रिया पुरते, हा त्यांचा सिद्धांत तिथे तयार झाला. त्याच शहरात १८९२ पासून त्यांनी 'आउटलुक टॉवर' चालवला. माणसाने वर चढून आधी सगळा परिसर नजरेखाली घालायचा आणि मग एकेक मजला उतरत आपले शहर, आपला देश, युरोप, जग असे समजून घ्यायचे, अशी त्याची मांडणी होती. फ्रेंच अभ्यासक ल प्ले यांच्याकडून घेतलेली स्थळ, काम आणि लोक ही त्रिसूत्री ते आयुष्यभर वापरत राहिले. कुठलीही वस्ती या तिन्ही अंगांनी तपासल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचे नाही.

त्यांचे दुसरे आवडते साधन म्हणजे खोऱ्याचा छेद. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एक रेघ ओढायची आणि त्या रेघेवर कोण कुठे राहतो, काय काम करतो ते मांडायचे. शहर त्या रेघेच्या शेवटी येते, आणि वरच्या प्रत्येक टप्प्यावर ते जगत असते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून कोकणपट्टीत उतरून खाडीवरच्या कोळीवाड्यापर्यंत ज्याने प्रवास केला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. प्रादेशिक नियोजन ज्याला आज म्हणतात त्याचा गाभा या साध्या रेघेत आहे.

मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांवर त्यांनी १९१५ साली अहवाल केले. ठाणे त्यांतले एक. हिवतापाच्या भीतीने अधिकारी ठिकठिकाणी जुनी तळी बुजवायला निघालेले असत. गेडिस यांचा सल्ला नेमका उलटा असे : तळी साफ करा, त्यांत मासे सोडा, डासांच्या अळ्या मासे खातील, आणि उन्हाळ्यात पाणी व गारवा दोन्ही राहतील. तळ्यांचे शहर म्हणून मिरवणाऱ्या ठाण्यात आज जी तळी उरली आहेत त्यांच्या काठावर उभे राहून हा सल्ला पुन्हा वाचण्यासारखा आहे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे वाटेल ते इंदूरचे काम. होळकरांच्या दरबारासाठी त्यांनी केलेला अहवाल १९१८ साली दोन खंडांत छापला गेला. इंदुरात तेव्हा प्लेगची दहशत होती, आणि नकाशे घेऊन गल्लोगल्ली हिंडणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाकडे लोक संशयाने पाहत. साहेब आला की घरे पडणार, हे त्यांनी ऐकून ठेवले होते. गेडिस यांनी दरबाराला सांगून दिवाळीत मिरवणूक काढवली. जो भाग सर्वांत स्वच्छ राहील त्या भागातून मिरवणूक जाणार, असे आधीच जाहीर केले. लोकांनी घरे झाडली, डागडुजी केली, गाडीच्या गाड्या कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. एकही सक्तीची नोटीस न काढता शहर झाडून निघाले. दारातल्या तुळशीवृंदावनाचे महत्त्व गेडिस यांनी आपल्या अहवालांत आवर्जून लिहिले आहे. स्वच्छ घराची कल्पना इथल्या बाईला बाहेरून शिकवावी लागत नाही. तिला पाणी, मोरी आणि मोकळे अंगण द्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

हा अनुभव गाठीशी घेऊन ते मुंबईच्या वर्गात उभे राहिले. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे; पण आरंभीची अनेक दशके त्याचे मुख्य काम कॉलेजांच्या परीक्षा घेण्याचे होते. स्वतःचे पदव्युत्तर अध्यापन सुरू करण्याच्या पहिल्या प्रयत्नांत या विभागाचा समावेश होतो. गेडिस यांचा परीक्षापद्धतीवर रोष होता. पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा डोळ्यांनी पाहून काढलेला नकाशा त्यांना मोलाचा वाटे. त्यांचे व्याख्यान मात्र सोपे नसे. दाढीत पुटपुटत बोलणे, एका विषयातून दुसऱ्यात उडी, आणि हातात घड्या घातलेले कागद. त्या घड्यांच्या चौकोनांत ते स्थळ-काम-लोक यांची कोष्टके मांडत. तरुणपणी मेक्सिकोत काही काळ दृष्टी गेली असताना घड्यांवरून बोट फिरवत विचार करण्याची ही रीत त्यांना सापडली होती. ज्या विद्यार्थ्यांना ती उमगली त्यांना नवी दृष्टी मिळाली. बाकीच्यांची वही कोरी राहिली.

वर्गाबाहेर मुंबई त्याच वेळी झपाट्याने बदलत होती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे कामगारांसाठी बीडीडी चाळी उभ्या राहू लागल्या. एकूण २०७ चाळी, सुमारे १६ हजार खोल्या, एका कुटुंबाला एक खोली. चाळी भक्कम होत्या. पण सुरुवातीच्या काळात कितीतरी खोल्या भाडेकरूंविना रिकाम्या पडल्या. गिरणी किती लांब, भाडे पगाराच्या किती हिश्शाचे, गावाकडून आलेला भाऊ कुठे झोपणार, हे प्रश्न बांधण्याआधी विचारायचे होते. गेडिस विद्यापीठात सांगत होते ते हेच. आधी पाहणी, मग निदान, मग आराखडा. सरकारी यंत्रणेने ऐकले नाही. शंभर वर्षांनी या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आहे, आणि हे प्रश्न आजही तितकेच लागू आहेत.

विभागाच्या दृष्टीने गेडिस यांचा सर्वांत मोठा निर्णय एका निबंधावरून झाला. विद्यापीठ एका तरुणाला समाजशास्त्राच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवणार होते. अर्जदारांत होते गोविंद सदाशिव घुर्ये. जन्म १८९३, मालवण. एल्फिन्स्टन कॉलेज, संस्कृत घेऊन एम. ए., चॅन्सेलरचे सुवर्णपदक. नगरविद्येशी त्यांचा संबंध गेडिस यांच्या व्याख्यानांपुरता. त्यांनी लिहिलेल्या निबंधाचा विषय होता 'नागरी केंद्र म्हणून मुंबई'. तो वाचून गेडिस यांनी त्यांची शिफारस केली. भारतीय समाजशास्त्राची पुढची चाळीस वर्षे ज्याने घडवली त्या माणसाची निवड मुंबई शहरावरच्या निबंधावरून झाली, ही गोष्ट विभागाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

घुर्ये लंडनला हॉबहाउस यांच्याकडे आणि मग केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले. १९२२ मध्ये रिव्हर्स वारल्यावर त्यांनी हॅडन यांच्या हाताखाली काम पुरे केले. १९२४ साली गेडिस मुंबई सोडून फ्रान्समधल्या माँपेलिए इथे गेले आणि विभागाची सूत्रे घुर्यांकडे आली. १९३४ मध्ये ते प्राध्यापक झाले, १९५९ मध्ये निवृत्त. या पस्तीस वर्षांत विभागाचा मोहरा बदलला. १९३२ साली घुर्यांचा जातीवरचा ग्रंथ आला आणि त्या दिशेनेच विभाग ओळखला जाऊ लागला. नगरविद्या मागे सरली. यात घुर्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. माणूस संस्कृताचा, केंब्रिजहून मानववंशशास्त्र शिकून आलेला. आणि समोरचा समाज जातींनी बांधलेला. पण विद्यार्थी गावागावांत पाठवण्याचा, माहिती प्रत्यक्ष गोळा करून आणण्याचा त्यांचा आग्रह पाहिला की पहिल्या गुरूचे वळण पूर्णपणे सुटले नव्हते हे जाणवते. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई, इरावती कर्वे, य. भा. दामले ही मंडळी याच शिस्तीत वाढली.

इरावतीबाईंचा उल्लेख इथे थोडा लांबवायला हवा, कारण गेडिस यांचे सूत्र महाराष्ट्राच्या मातीत कुणी रुजवले असेल तर ते बाईंनी. १९२८ साली त्यांनी मुंबईत घुर्यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध लिहिला, बर्लिनहून डॉक्टरेट घेतली, आणि पुढचे आयुष्य पुण्याच्या डेक्कन कॉलेजात घालवले. नातेसंबंधांवरच्या त्यांच्या ग्रंथाची आणि 'युगान्त'ची कीर्ती मोठी. पण १९६५ साली जयंत रणदिवे यांच्याबरोबर त्यांनी फलटण आणि भोवतालच्या मुलखाची पाहणी प्रसिद्ध केली : वाढणारे तालुक्याचे गाव आणि त्याला लागून असलेली खेडी यांच्यात काय देवाणघेवाण चालते. १९६९ मध्ये जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी आली. १९७० मध्ये आठवड्याच्या बाजारांवरचा अभ्यास. तालुक्याचे गाव, धरण, आठवडी बाजार : एखाद्या प्रदेशाचे नियोजन करायचे तर याहून महत्त्वाचे तीन विषय शोधून सापडणार नाहीत. विस्थापित माणूस नवी जमीन, नवे पाणी, नवे शेजारी यांच्याशी कसा झगडतो हे कोयनेच्या पाहणीत घरोघर जाऊन टिपलेले आहे. पुनर्वसनाच्या फाइली हाताळणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ते पुस्तक वाचायला हवे.

खुद्द घुर्येही उतारवयात मूळ विषयाकडे वळले. १९६० साली पुण्याजवळच्या लोणीकंद या गावावरचे त्यांचे पुस्तक आले. पेशवाई बुडाल्यावर लगेचच थॉमस कोट्स या डॉक्टराने या गावाची बारकाईने नोंद करून ठेवली होती. घुर्यांनी सव्वाशे-दीडशे वर्षांत काय बदलले ते तिच्याशी ताडून पाहिले. १९६२ मध्ये शहरे आणि संस्कृती यांवरचा ग्रंथ, १९६३ मध्ये हवेली तालुक्यातल्या अर्ध-ग्रामीण, अर्ध-नागरी वस्त्यांचा अभ्यास. पुणे शहर पूर्वेकडे पसरत लोणीकंद-वाघोलीला जाऊन भिडले आहे. तिथल्या इमारतींत राहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की आपल्या दारासमोरच्या गावाची दोनशे वर्षांपूर्वीची नोंद उपलब्ध आहे!

याच सुमारास नियोजनाचे शिक्षण देशात वेगळ्या वाटेने चालू झाले. १९५५ साली दिल्लीत नगर व ग्रामनियोजनाची शाळा निघाली आणि १९५९ मध्ये वास्तुशास्त्राच्या विभागाशी जोडली गेली. खरगपूरच्या आयआयटीत वास्तुशास्त्र आणि प्रादेशिक नियोजन एकत्र शिकवले जाऊ लागले. पुढे अहमदाबादेत नियोजनाची शाळा निघाली. या संस्थांनी देशाला उत्तम नियोजनकार दिले. पण नियोजन हा वास्तुविशारदांचा आणि अभियंत्यांचा विषय ठरला, आणि समाजशास्त्राचा तास त्यात जोडविषय म्हणून राहिला. मुंबईत १९१९ साली एकाच छपराखाली असलेली दोन शास्त्रे अशी विभक्त झाली. यात नुकसान दोघांचेही झाले, आणि त्याहून अधिक शहरांचे.

राज्यातल्या घडामोडी पाहा. १९४८ साली महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक आणि अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईचा ढोबळ आराखडा दिला. स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने ठाण्याच्या खाडीपलीकडे जाण्याचा मार्ग सुचवला. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने मुंबई-पुण्याच्या प्रादेशिक नियोजनाचा विचार केला. पुणे शहराची घरोघरची पाहणी आधीच करून दाखवलेल्या माणसाकडे हे काम गेले, ही योग्य निवड होती. १९६६ साली प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला, १९७० मध्ये नव्या शहरासाठी सिडको. नव्या शहराच्या नकाशात ९५ गावांच्या जमिनी होत्या. भातशेती, मिठागरे, मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांचा प्रश्न जानेवारी १९८४ मध्ये जासईला गोळीबारापर्यंत गेला, माणसे मेली. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. स्थळ आणि काम मोजले गेले होते. लोक राहून गेले होते.

विभाग या काळात हात बांधून बसला नव्हता. १९७२ साली के. एम. कपाडिया आणि एस. देवदास पिल्लई यांचा अतुल-बलसाड पट्ट्याचा अभ्यास आला. दक्षिण गुजरातेत खेड्यांच्या मधोमध रसायनांचा मोठा कारखाना उभा राहिल्यावर भोवतालच्या गावांत शेती, मजुरी, लग्ने, घरे यांत काय फरक पडला, याची ती तपासणी. अ. र. देसाई यांनी पिल्लई यांच्याबरोबर १९७० मध्ये झोपडपट्टी आणि नागरीकरण यांवरचा संग्रह काढला आणि १९७२ मध्ये मुंबईतल्या एका झोपडपट्टीचे सविस्तर चित्र विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केले. झोपडपट्टी ही शहराला लागलेली कीड आहे, असे बोलण्याचा तो काळ होता. देसाईंनी दाखवले ते असे की तिथली माणसे शहराच्या कामाची माणसे आहेत. त्यांच्या मजुरीतून शहर चालते आणि घराचा हिशेब मात्र त्यांच्याच माथी मारला जातो. देसाईंच्या डाव्या राजकारणाशी कुणाचे जमो न जमो, पाहणीतली माहिती नाकारता येत नाही.

२०१९ साली विभागाने शंभर वर्षे पूर्ण केली. कालिन्याच्या विद्यानगरीत रानडे भवनात आज तो आहे. भोवती मिठी नदी, विमानतळ, कुर्ल्याच्या वस्त्या, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारती. पायी फिरून अभ्यास करायला यापेक्षा मोठी प्रयोगशाळा कुठल्या विद्यापीठाला लाभली असेल? नियोजन शिकणारे आणि समाजशास्त्र शिकणारे विद्यार्थी इथे एकाच पाहणीवर एकत्र पाठवायला हवेत. निदान एक सत्र, एक वॉर्ड, एक अहवाल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, फक्त दोन अभ्यासमंडळांचे एकमत लागते.

विभागाच्या माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. आपण पाहणीसाठी ज्या चाळीत, कोळीवाड्यात, गावठाणात, गिरणगावात हिंडलात, तिथल्या नोंदवह्या, प्रश्नावल्या, हाताने काढलेले नकाशे, फोटो घरातल्या माळ्यावर अजून असतील. त्यांतल्या कितीतरी वस्त्या आता जागेवर नाहीत. ते कागद रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांच्या प्रती काढून, गावाचे नाव, साल आणि पाहणी करणाऱ्याचे नाव लिहून विभागाच्या ग्रंथालयाकडे सोपवा.